मदत हवी आहे: गरोदरपणात नेमका कोणता योगाभ्यास करावा, आणि नंतर बाळासोबत काय करता येईल?

जाईजुई:
नमस्कार. पहिलंच बाळंतपण, सध्या २३ वा आठवडा. आधी रोज १२ सूर्यनमस्कार, सर्वांगासन आणि कपालभाती असा नेम होता, तो पहिले तीन महिने बंद ठेवला. आता डॉक्टर हलका योग चालेल म्हणाल्या आहेत. बीपी, साखर, हिमोग्लोबिन ठीक. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) थोडी खाली असल्याचा शेरा आहे, ती ३२ व्या आठवड्यात पुन्हा बघणार आहेत. अंगावरून रक्त कधीच गेलेलं नाही.

त्रास एकच. रात्री कूस बदलताना आणि जिना चढताना ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडावर कळ येते. नेटवर सगळीकडे बद्धकोनासन (तळपाय जुळवून, मांड्या फाकवून बसणं) आणि मालासन (खोल उकिडवं बसणं) करा असं लिहिलंय, पण बद्धकोनासनानंतर कळ वाढते. सासूबाईंचं म्हणणं, उकिडवं बसून फरशी पुसली तर बाळंतपण सोपं जातं. सूर्यनमस्कारातलं काही ठेवता येईल का? आणि बाळ झाल्यावर त्याला घेऊन करायचे व्यायाम कधीपासून चालतात?

समस्थिती:
जाईजुई, सूर्यनमस्कार आहेत तसे नकोत. अष्टांगासन आणि भुजंगासनात पोटावर भार येतो. पाय जुळवून पादहस्तासन केलं की पोट दाबलं जातं आणि वर येताना चक्कर येते. अश्वसंचालनातला लांब टाकलेला पाय तुमच्या दुखण्याला तर अजिबात नको.

त्याऐवजी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. पावलं कमरेइतकी रुंद, तळवे भिंतीवर खांद्याच्या उंचीला. श्वास सोडत एकेक पाऊल मागे जा आणि कमरेतून वाका. हात आणि पाठ एका रेषेत यायला हवेत, गुडघे किंचित सैल. ५ श्वास थांबा, मग श्वास घेत चालत पुढे या. असं ४-५ वेळा. पाठ मोकळी होते आणि डोकं हृदयाच्या खाली जात नाही, त्यामुळे जळजळही वर येत नाही. पुण्यात अय्यंगार पद्धतीत खुर्ची, लोड, पट्टा घेऊन करतात, तोच मार्ग या दिवसांत सोयीचा.

मार्जारासन रोज करा, म्हणजे तळवे आणि गुडघे टेकून ओणवं होऊन, ८-१० आवर्तनं. श्वास सोडताना पाठ वर गोल करा, घेताना फक्त सरळ रेषेपर्यंत आणा. पोटाच्या वजनाने कंबर खाली लोंबू दिली की खालच्या मणक्यांवर ताण येतो, बहुतेकींचं इथेच चुकतं. मनगटात मुंग्या येत असतील तर मुठी टेकवा किंवा कोपर लोडावर ठेवा.

शवासन उताणं नको. २० व्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी सुरू होते. डाव्या कुशीवर झोपा. दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, पण ती घोट्यापर्यंत पुरायला हवी. फक्त गुडघ्याखाली उशी असेल तर वरचं पाऊल खाली लोंबतं आणि तुमच्या त्याच हाडाचा सांधा रात्रभर ओढला जातो.

कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान बंध, नौली आणि कुंभक (श्वास रोखणं) पूर्ण बंद. सर्वांगासन, नौकासन, अर्धमत्स्येंद्रासनाचा पीळही नको. नाडीशुद्धी (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास) करा: ४ अंक श्वास घेणं, ६ अंक सोडणं, मध्ये थांबायचं नाही. भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) ५-७ वेळा. अभ्यास चालू असताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. पंखा चालू ठेवा, खोली गरम नको, जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या.

कटिबंध:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते, कारण कळीचं वर्णन स्पष्ट आहे. ओटीपोटाची दोन हाडं पुढे कूर्चेने जोडलेली असतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे तिथले बंध सैल होतात, त्यामुळे एका पायावर भार आला किंवा मांड्या फाकल्या की दोन बाजू वेगवेगळ्या सरकतात आणि कळ येते. गर्भवतींसाठीच्या तयार याद्यांमध्ये सगळा भर ताणण्यावर असतो. तुमच्या सांध्याला आणखी ताण नको, आधार हवा आहे. बद्धकोनासन, उपविष्टकोनासन, वीरभद्रासन, वृक्षासन ही चारही सध्या सोडा.

हे करा. खुर्चीवर ताठ बसा, पावलं जमिनीवर, गुडघ्यांमध्ये घडी केलेला जाड टॉवेल. श्वास सोडत टॉवेल ५ सेकंद हलकेच दाबा, सोडा. १० वेळा, दिवसातून दोनदा. जोर पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून कमीच असावा.

मूलबंध: गॅस आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखं आत-वर खेचा, ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. १० वेळा, दिवसातून तीनदा. नितंब आणि मांड्या आवळल्या गेल्या तर चुकतंय. सोडणं अर्धवट ठेवू नका, कारण प्रसूतीच्या वेळी सोडताच यायला हवं. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवा, मध्ये उशी दाबून धरा, श्वास सोडा आणि खांदा व कंबर एकदमच वळवा. आधी एक पाय टाकून मग अंग ओढलं की कळ येणारच. सलवार बसून घाला. जिन्यावर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणा. स्कूटीवर टांग टाकून बसणं बंद.

फरशीचं: उकिडवं बसून पुसताना एका पायावर भार देत तिरकं सरकावं लागतं, आणि नेमकी तीच हालचाल या सांध्याला नको. सासूबाईंना तसं सांगा, त्या समजून घेतील. शिवाय वार खाली आहे तोवर मालासनासारखी खोल बैठक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते, म्हणून ३२ व्या आठवड्याची तपासणी चुकवू नका. थोडंही रक्त अंगावरून गेलं, दुखत नसलं तरी, व्यायाम सोडून थेट दवाखाना. पाणी जाणं, नियमित कळा, तीव्र डोकेदुखी, एका पोटरीला सूज, बाळाची हालचाल कमी होणं, यालाही हाच नियम.

जाईजुई:
दोघींचे मनापासून आभार. घोट्यापर्यंतची उशी आजपासूनच. एक शंका: व्यायाम करताना काही होत नाही, कळ रात्री येते. मग व्यायाम बरोबर की चूक?

कटिबंध:
व्यायाम बरोबर असेल, मात्रा जास्त झाली. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलं तर आवर्तनं निम्मी करा आणि तीन दिवस तिथेच थांबा. तरीही वाढत असेल तर प्रत्यक्ष फिजिओला दाखवा.

अंगडंटोपडं:
बाळासोबतच्या भागाचं लिहिते. आधी आईचं. साध्या प्रसूतीनंतर दीर्घ श्वसन आणि हलका मूलबंध काही दिवसांत सुरू करता येतो; सिझेरियन असेल तर लघवीची नळी काढल्यावर. आसनं मात्र ६ आठवड्यांच्या तपासणीनंतरच, आणि सिझेरियननंतर तोवर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. सुरू करण्याआधी पोट तपासा: उताणं झोपून गुडघे वाकवा, बोटं बेंबीवर आडवी ठेवा, डोकं जरासं उचला. दोनपेक्षा जास्त बोटं आत गेली किंवा मधोमध उंचवटा आला तर नौकासन, उत्तानपादासन नको.

बाळाचा खरा व्यायाम म्हणजे पालथं पडणं. पहिल्या दिवसांत आईच्या छातीवर, मिनिटभरापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात, स्वतः सरकू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवायला सांगितलं आहे. पालथं असताना डोळा लागला तर लगेच उताणं करा. गॅससाठी दोन्ही गुडघे हळूच पोटाकडे आणून ५ सेकंद धरा, सोडा, मग सायकलसारखे पाय फिरवा, ५-६ वेळा. दूध पाजल्यावर अर्धा-पाऊण तास काहीच नको. जागा जमिनीवरच्या सतरंजीची, पलंगाची नाही, आणि अंगाला तेल असताना उचलून घेण्याचे खेळ नकोत.

आईने उताणं झोपून नडग्यांवर बाळाला झुलवायचं, तो प्रकार मान पक्की सावरल्यावर, साधारण ६ महिन्यांनंतर. धरायचं छातीच्या दोन्ही बाजूंना. हाताला धरून ओढलं तर कोपराचं हाड सरकतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तेल-पाणी करणाऱ्या बाईंच्या हाताला अनुभव असतो, पण बाळाला पायांना धरून उलटं टांगणं, हवेत उडवणं, दोन्ही पाय सरळ जुळवून ओढणं, हे आपण समोर बसून थांबवायलाच हवं. मान आणि मेंदूला धक्का बसतो, आणि पाय ओढून सरळ केल्याने खुब्याचा सांधा नीट बसत नाही. मांड्या बेडकासारख्या मोकळ्या राहू द्या.

बाळ तोंड फिरवू लागलं, जांभया आल्या, मुठी आवळल्या, पाठ कमानीसारखी ताणली, की त्या दिवसाचं संपलं. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल तर ६ महिने मूळ तारखेपासून मोजा.

जाईजुई:
आणि पोट बांधायचं का? घरी नऊवारीची पट्टी तयार ठेवली आहे.

कटिबंध:
घट्ट बांधू नका. बरगड्यांपासून आवळलं की दाब खाली जातो आणि आधीच सैलावलेल्या तळाच्या स्नायूंवर पडतो. बांधायचंच असेल तर मऊ पट्टी, खालून वर, खोल श्वास घेता येईल इतकी सैल. जेवताना आणि झोपताना सोडायची. सिझेरियन असेल तर टाके डॉक्टरांनी बघितल्यावर.