कॉन्फिग फाइल नेमकी कुठली वाचली गेली?

महापे_नाइटशिफ्ट: "प्रोग्रामने कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) चार जागी शोधणं ही सोय आहे, बग येतात ते मॅन्युअल न वाचणाऱ्यांमुळे," असं इथे काल कुणीतरी ठोकून दिलंय. हो का? मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) आधी /ईटीसी/माय.सीएनएफ वाचतं, मग /ईटीसी/मायएसक्यूएलमधली, मग युजरच्या होम फोल्डरातली. नंतरची आधीचीवर मात करते. फाइलवर सगळ्यांना लिहायची परवानगी असेल, तर एक वॉर्निंग टाकून ती चक्क सोडून देतं. सर्व्हर मजेत चालू, बफर पूल (डेटा ठेवायची मेमरी) मात्र डिफॉल्ट 128 एमबी! बंद पडला असता तर कळलं तरी असतं.

वाशी_पूल: तो 'कुणीतरी' मीच. मायएसक्यूएल --हेल्पमध्ये तोच क्रम छापलेला असतो. 'माय_प्रिंट_डिफॉल्ट्स मायएसक्यूएलडी' ही कमांड चालवा, काय लागू होतंय ते समोर येतं. दहा सेकंद लागतात.

कोपरी_पूर्व: क्रम छापतात हो, पण प्रत्येकाची तऱ्हा उलटी! मायएसक्यूएलमध्ये शेवटची किंमत जिंकते, ओपनएसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं साधन) पहिली. उबुंटूच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये इन्क्लूडची (दुसऱ्या फाइली आत ओढणारी) ओळ वरच असते. खाली पासवर्डऑथेंटिकेशन नो (पासवर्डने लॉगिन बंद) लिहून उपयोग शून्य, त्या ओळीने ओढलेल्या 50-क्लाउड-इनिट.कॉन्फमध्ये येस असेल तर तेच चालणार. त्या 50- वालीच्याच फोल्डरात 10- ने सुरू होणारी .कॉन्फ टाका (ती आधी वाचली जाते), एसएसएचडी -टी (कॅपिटल) ने तपासा, मग रिलोड. जुनं सेशन उघडंच ठेवा.

वाशी_पूल: अर्धवट सांगू नका. नुसतं -टी मॅच ब्लॉक (ठरावीक युजर-होस्टपुरत्या सेटिंग्ज) धरत नाही, -सी (हेही कॅपिटल) देऊन युजर, होस्ट, ॲड्रेस सांगावा लागतो.

कोपरी_पूर्व: म्हणजे दहा सेकंदांचं काम वाढलं तर!

वाशी_पूल: विषय मायएसक्यूएलचा होता. एसएसएच तुम्ही घुसडलंत.

घोडबंदर_जाम: भांडा. खरा घोळ रिलेटिव्ह पाथचा (चालू फोल्डरापासून धरलेला पत्ता). टर्मिनलवर चालतं, सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) बोंब, कारण वर्किंगडिरेक्टरी दिली नाही तर सिस्टम सर्व्हिस / (मूळ फोल्डर) मधून सुरू होते. नुसतं 'सेक्टर 10' लिहून पार्सल मागवा, वाशीत जाईल की नेरूळला? आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) .गिट फोल्डर शोधत वरच्या फोल्डरांत चढत जायचं, त्यातूनच 2022 मध्ये सीव्हीई-2022-24765 ही सुरक्षा-त्रुटी समोर आली. विंडोजवर सी ड्राइव्हच्या मुळाशी दुसऱ्याने ठेवलेल्या .गिटमधली कॉन्फिग तुमच्या हक्कांनी चालायची. गिट 2.35.2 पासून फोल्डरचा मालक तपासतात. यात मॅन्युअल वाचून काय होणार होतं?

वाशी_पूल: बरं, गिटचं मान्य. बाकी ठिकाणी, प्रोग्राम कुठल्या फाइली उघडतो ते दाखवणारं 'स्ट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॅट' लावा; ईएनओईएनटीच्या ('फाइल सापडली नाही') ओळींनंतर जी फाइल उघडली, ती तुमची.

महापे_नाइटशिफ्ट: स्ट्रेस लावावं लागतं, हीच तर तक्रार आहे! सुरू होताना कुठली फाइल वाचली ते लॉगमध्ये एका ओळीत छापा, झालं.

वाशी_पूल: छापू. ती ओळ तरी वाचाल ना?