हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते तो आजार) आहे, आयोडीनचं मीठ बंद करू का?

कांदेपोहे: थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच 9 आलं, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) पण खूप वाढलेलं, डॉक्टर म्हणाले हाशिमोटो. आता सासूबाईंनी आयोडीनच्या मिठाची बरणी उचलून सैंधव आणून ठेवलंय, म्हणतात आयोडीननेच झालं. जाऊबाई म्हणतात उलट केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्या घे. कोणाचं ऐकू?

रानवारा: दोघींचंही नको 😄 केल्पला तर हातच लावू नका, एकेका गोळीत रोजच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन निघू शकतं आणि हाशिमोटोत जास्तीच्या आयोडीनने थायरॉईड अजून मंदावू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरे. आपल्याकडच्या मिठात घरी येईपर्यंत किमान 15 पीपीएम (एका ग्रॅममध्ये 15 मायक्रोग्रॅम) आयोडीन असायला हवं, म्हणजे 5 ग्रॅम मिठामागे 75 मायक्रोग्रॅम, बाकी दूध, अंडी, मासे यांतून. यात अती कुठे होतंय?

सुगरण_नाही: +1. सैंधवात आयोडीन जवळपास नसतंच, आणि घरात पोरंबाळं असतील तर त्यांचं काय? दिवस राहिले तर गरज 250 मायक्रोग्रॅमवर जाते. मी 6 वर्षं साधंच मीठ खातेय, माझी गडबड वेगळीच निघाली, थायरॉईडची गोळी चहासोबत घ्यायचे, त्याने ती अंगात नीट शोषली जात नाही!

कांदेपोहे: अगंबाई, मीपण चहासोबतच घेते 🙈