हात आखडल्यावर घर कसं चालवायचं: नाशिककरांचा अनुभव धागा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या, कांद्याचा भाव पडला, की नाशिकमध्ये महिनाअखेर पंधरा तारखेलाच येते. या धाग्यात आपबीती नको, ती सगळ्यांची सारखीच आहे. आपापल्या कामातलं पक्कं ठाऊक असलेलं लिहा: किती, कसं आणि कुठे बिनसतं.

पंचवटी, स्वयंपाकघर

भाजी बुधवारी गंगेवरच्या बाजारातून घ्या, तीही दिवेलागणीनंतर. माल परत न्यायचा नसतो, त्यामुळे वाट्यांचे (ढीग लावून विकलेल्या भाजीचे) भाव खाली येतात. पण स्वस्त जुडी बहुधा ओली आणि घट्ट बांधलेली असते, दुसऱ्या दिवशी आतून काळी पडते. घरी आल्या आल्या दोरा तोडा, मुळं आणि पिवळी पानं काढा आणि न धुता कागदात गुंडाळा. धुवायची ती चिरायच्या वेळी.

सिलिंडर घेताना वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन मुठीजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. डाळ अर्धा तास भिजवली आणि शिट्टी झाल्यावर आच बारीक केली, एवढ्यानेही गॅस वाचतो. शिट्ट्या मोजत मोठ्या आचेवर ठेवणं म्हणजे पैशाची वाफ.

तूर परवडत नसेल तर निम्मी मसूर घाला. वरणात ती विरघळते, आणि वरणाला ते चालतं. कुळथाचं पिठलं सगळ्यात स्वस्त: अर्धी वाटी पिठाला अडीच ते तीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवा, थेट आधणात टाकलं तर गुठळ्या होतात. बाजरी आठवड्यापुरतीच दळा. पिठातला स्निग्धांश खवट होतो, मग भाकरी कडू लागते.

आणि एक स्पष्टच सांगते. काटकसर सुरू झाली की घरातून आधी डाळ आणि शेंगदाणे जातात, बिस्किटं मात्र राहतात. उलटं करा.

देवळालीगाव, रेशन

केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. कार्ड प्राधान्य कुटुंब यादीत असावं लागतं. तिथे माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. नाव यादीत आहे का, ते कार्डाच्या १२ अंकी क्रमांकावरून कळतं.

खरी अडचण अंगठ्याची. गवंडीकाम, धुणीभांडी करणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशन दुकानातलं मशीन ठसा घेत नाही. कोमट पाण्याने हात धुवून नीट पुसा आणि दुसरं बोट लावून बघा, आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. तरी नाहीच घेतलं तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्या.

पेठ, सुरगाण्याहून कामाला आलेल्यांनी कार्ड नाशिकला बदलून आणण्यात दिवस घालवू नयेत. त्याच कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं. फक्त घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालेली हवी. दुकानदाराच्या "आज अंगठा द्या, धान्य पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून" याला हो म्हणू नका. अंगठा लागला की नोंदीत माल उचलला गेला.

सराफ बाजार, सोनेतारण

लोक दागिन्याचं वजन सांगतात, कर्ज मात्र सोन्यावर मिळतं. खडे, लाख, काळे मणी, दोरा सगळं वजा होतं, घडणावळ धरत नाहीत आणि भाव सोन्याच्या शुद्धतेप्रमाणे लावतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे, पाच लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. मर्यादा आहे म्हणून तेवढं उचलायचंच असं नाही. भाव उतरला की पूर्ण उचललेल्यालाच आधी फोन येतो.

वर्षअखेरीस मुद्दल-व्याज एकदम भरायचा प्रकार सोपा वाटतो, पण घात तिथेच होतो. वर्ष संपतं, हातात पैसे नसतात, मग नुसतं व्याज भरून नूतनीकरण. असं तीनदा झालं की व्याजातच दागिन्याचा मोठा भाग गेलेला असतो. दरमहा व्याज भरायची सोय मागा आणि मध्ये जमेल तेव्हा मुद्दलात टाका. पावतीवर दागिन्यांची नगवार यादी, एकूण वजन आणि निव्वळ वजन असं तिन्ही लिहून घ्या.

आडगाव, वरच्याला जोड

खाजगीत "शेकडा तीन" म्हणतात ते महिन्याचं असतं, वर्षाला ३६ टक्के. परवानाधारक सावकाराला २०१४ च्या कायद्याखाली ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. कोऱ्या स्टँपवर सही मागणारा परवानाधारक असो वा नसो, उठून या.

अंबड, पगारपत्रक विभाग

काम सुटल्यावर पीएफचा दावा तीन जागी अडकतो. आधार आणि पीएफ खात्यातलं नाव जुळत नाही (लग्नाआधीचं आडनाव, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग). बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि खात्यात जुनाच आयएफएससी (बँक शाखेचा कोड) राहतो. आणि कंत्राटदाराने काम सोडल्याची तारीख टाकलेली नसते. तिसऱ्यासाठी त्याच्या मागे फिरू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर ती तारीख कामगाराला स्वतः टाकता येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा खर्च वाचवायला ते सिम बंद करू नका. ही चूक फार लोक करतात.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर काम सुटल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारा. सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखेत चौकशी करा. राजीनामा लिहून देऊ नका, कामावरून काढल्याचं पत्र मागा.

नाशिकरोड, भिशी

नोटा आमच्याकडे छापतात, तरी उसनवारी आम्हालाही चुकत नाही. भिशी मोडते ती पहिले नंबर घेतलेल्यांनी नंतर हप्ता थांबवल्यामुळे. बारा जणींची दोन हजारांची भिशी म्हणजे २४ हजार, दुसऱ्याच महिन्यात उचलणारीकडे वीस हजार बाकी राहतात. म्हणून आधीचे नंबर बांधलेला पगार असलेल्यांना द्या, रोजंदारीवालीला मधला किंवा शेवटचा. चिठ्ठी टाकली की हे साधत नाही, आणि लिलावाच्या भिशीत सगळ्यात अडलेलीच सगळ्यात कमी पैसे घेऊन जाते.

निफाड, कांदा

उन्हाळ कांदा ठेवायचा की विकायचा, हे आधी कागदावर मांडा. मे महिन्यात १०० क्विंटल चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकला, सप्टेंबरपर्यंत वजनघट, सड आणि कोंब मिळून ३० क्विंटल गेला असं धरा. आज १५०० भाव असेल तर तेव्हा २१४३ मिळाला तरी बरोबरी, वर निवडायची मजुरी वेगळी. शिवाय भाव फक्त पावसावर ठरत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ ला उठली, आणि उठली तीही ४० टक्के शुल्क ठेवून. चाळीत बसून याचा अंदाज येत नसतो. म्हणून घरखर्च, शाळेची फी, विकास सोसायटीच्या कर्जाचा हप्ता याएवढ्या ट्रॉल्या आधी विका, उरलेल्यावर जुगार खेळा.

ठेवायचाच असेल तर काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. उशिरा युरिया टाकलेला कांदा ठेवूच नका, मान जाड राहते आणि तिथूनच सड शिरते. शेतात तीन-चार दिवस, मग सावलीत दहा-बारा दिवस सुकवा. पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवा. थर पाच फुटांच्या वर नको, खालचा कांदा दबतो आणि वारा अडतो.

लासलगाव असो की पिंपळगाव, सौदापट्टी (लिलावाची), काटापावती (वजनाची) आणि हिशेबपट्टी (पैशांची) तिन्ही जपा. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका, पैसे २४ तासांत मिळायला हवेत. २०२३ मध्ये क्विंटलला ३५० रुपये अनुदान, २०० क्विंटलपर्यंत, जाहीर झालं तेव्हा अनेक अर्ज भावामुळे अडले नव्हते, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती म्हणून अडले होते. ही नोंद लागावी म्हणून पीक पाहणी मोबाइलवर दर हंगामात करा.

सिडको, लाइटबिल

शंभर युनिट ओलांडले की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, असं अजून पुष्कळ जण समजतात. तसं नाही, वरचा दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटना. थकबाकीसाठी वीज तोडायला १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ती आली की तोंड लपवू नका. त्या मुदतीतच कार्यालयात जाऊन हप्ते बांधून मागा आणि पहिला हप्ता त्याच दिवशी भरून पावती घ्या. तोडल्यानंतर गेलात तर पुनर्जोडणीचे पैसे वेगळे लागतात.