पगार नव्हे, ते पुस्तक
ग्रेट लेक्सवरच्या (अमेरिका-कॅनडा सीमेवरची मोठी सरोवरं) खलाशांचा १९०९चा संप पगारासाठी होता, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. खरी ठिणगी होती एक छोटं पुस्तक. १९०८ मध्ये जहाजमालकांच्या लेक कॅरियर्स असोसिएशनने युनियनशी करार करणं बंद केलं आणि पाठोपाठ 'कल्याण योजना' आणली (नाव बघा!). त्या योजनेत प्रत्येक खलाशाला त्याच्या कामाच्या नोंदीचं एक पुस्तक असे. बोटीवर चढताना खलाशाने ते कप्तानाच्या ताब्यात द्यायचं, उतरताना शेरा मारून तो परत देणार. शेरा देण्यालायक माणूस वाटला नाही, तर पुस्तक थेट असोसिएशनच्या कचेरीत. मग पुढचं काम कोण देणार? संप १९१२ पर्यंत रेटला, पण युनियन हरली. समोर यूएस स्टील या पोलाद कंपनीचा अवाढव्य जहाजांचा ताफा होता, आणि त्यांना घाई नव्हती.