जॉर्ज राइट बेसबॉलमधला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या, मधला क्षेत्ररक्षक) म्हणून एवढा थोर का मानला जातो?

प्रश्न (मालवण): चिवल्याच्या वाळूत टेनिस बॉलने खेळणाऱ्या आम्हा मंडळींना पडलेला प्रश्न असा की, व्यावसायिक क्रिकेटपटूचा हा मुलगा बेसबॉलमध्ये इतका गाजला कशामुळे?

उत्तर (रत्नागिरी): १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघडपणे व्यावसायिक संघाने त्याला १,४०० डॉलर दिले, म्हणजे कर्णधार असलेल्या थोरल्या भावापेक्षा, हॅरीपेक्षाही २०० डॉलर जास्त. हातमोजा न घालता, बेसच्या रेषेपासून बराच मागे उभा राहून तो चेंडू अडवीत असे, कारण तिथूनही पहिल्या बेसपर्यंत वेळेत फेकण्याइतका त्याचा हात दणकट होता.

उत्तर (वेंगुर्ले): पुढे हॅरीच्याच बॉस्टन संघाकडून त्याने १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदे जिंकली, १८७९ मध्ये मात्र प्रॉव्हिडन्स संघाचा खेळाडू-व्यवस्थापक होऊन भावाच्याच बॉस्टनला मागे टाकले.

प्रश्नकर्ता: मोज्याशिवाय! आमचे तळवे तर ओल्या टेनिस बॉलनेही लाल होतात.