जुन्या एकखोली शाळेचं वाचनालय: माळा घालावा का?

प्रश्न:
बंद पडलेली दगडी शाळा वाचनालयासाठी मिळालीय. छत आढ्यापर्यंत मोकळं, लाकडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) शाबूत. मोठ्या खिडक्या एकाच भिंतीला, तळकठडे छातीएवढे उंच. कंत्राटदार म्हणतो माळा घाला, जागा दुप्पट होईल. मला अजिबात पटत नाही, पण त्याला कारण काय सांगू?

प्रतिसाद:
कृपा करून घालू नका! फळ्याची भिंत शोधा आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहा. खिडक्या बहुधा डावीकडे येतील. उजव्या हातानं लिहिताना वहीवर सावली पडू नये म्हणून डावीकडचा उजेड हा शाळाबांधणीचा जुना दंडक. उंच कठड्यामुळे बाकावरच्या मुलांचं लक्ष बाहेर जात नसे. खिडकी जितकी उंच, तितका उजेड खोलीत आतवर पोचतो. माळा नेमका तोच कापेल. वाचायला याहून चांगली खोली आज कुणी बांधत नाही.

प्रतिसाद:
दगडांमधले सांधे चुन्याचे असतील तर त्यांत सिमेंट भरू देऊ नका. ओल भिंतीत अडकते, दगडाचे पापुद्रे सुटतात. पुस्तकं तिथंच राहणार आहेत.

प्रश्नकर्ता:
फळ्याच्या खुंट्या सापडल्या, खिडक्या डावीकडेच! माळा रद्द. पण शेजारीशेजारी दोन दारं कशाला?

प्रतिसाद:
मुलामुलींसाठी वेगळी असावीत. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतरच्या कित्येक शाळांच्या दारांवर तसं कोरलेलं आहे. एकही बुजवू नका. रुंद दाराला उतार करून चाकाची खुर्ची आत नेता येईल.