एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडेना? आधी नोटपॅडमध्ये बघा

मॉडेल तुमच्याकडे ठणठणीत, पण त्यातून काढलेली डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) कराडच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेली की 'फाइल व्हॅलिड नाही' म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत दोघांनी सॉफ्टवेअर परत टाकायला सांगितलंय. इतक्यात नको हो, अख्खा दिवस जाईल.

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचराच दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. हा फाइलच्या व्हर्जनचा कोड: AC1032 म्हणजे ऑटोकॅड २०१८ चा फॉरमॅट, AC1027 म्हणजे २०१३ चा. समोरच्याकडे जुनं व्हर्जन असेल तर फाइल बिघडलेलीच नाही. एक्स्पोर्ट करताना जुना फॉरमॅट निवडा, विषय संपला. सुरुवातीपासून नुसती रिकामी जागा दिसली तर मात्र डेटा लिहिलाच गेलेला नाही. मग रिकव्हर (बिघडलेली फाइल दुरुस्त करणारी ऑटोकॅडची कमांड) देत रात्र घालवू नका.

माझं सांगलीत हेच झालं होतं. एक्स्पोर्ट थेट पेनड्राइव्हवर केला, इजेक्ट न करता तो उपटला आणि विश्रामबागेतल्या दुकानात प्लॉट, म्हणजे ड्रॉइंगची मोठी प्रिंट, काढायला पळालो. साइज व्यवस्थित ४ एमबी, आत शून्य! दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. तेव्हापासून आधी डेस्कटॉपवर सेव्ह, तिथेच एकदा उघडून बघायची, मग कॉपी.

कोड ठीक असूनही उघडत नसेल तर आधी रिकव्हर, मग ऑडिट (चुका शोधून दुरुस्त करणं), मग पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणं). उघडते पण रेषा वेड्यावाकड्या दिसतात, असं असेल तर प्लॅन मूळ बिंदूपासून (०,०) फार लांब बसलाय का बघा. सर्व्हेअरचे को-ऑर्डिनेट घेतले की हे हमखास होतं.

ती सहा अक्षरं काय आली ते आधी कळवा.